फाटकाचा दिवस

आमच्या लॉ कॉलेजच्या नव्या इमारतीत, लिफ्टसमोर, एका काचेच्या भिंतीवर कॉलेजचा इतिहास लावलाय. तिचं नाव 'हेरिटेज वॉल'. ती मी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या हातात कॉफीचा कागदी कप होता आणि तो त्या काचेवर रिकामा करावा असं अगदी मनापासून वाटलं. केला नाही. मी माजी विद्यार्थिनी म्हणून सत्काराला गेले होते आणि खांद्यावर त्यांनीच घातलेली शाल होती.

भिंतीवर असं लिहिलंय की बदलापूर गावाच्या पलीकडे एक ओसाड माळ होता, तिथे काहीच नव्हतं, आणि धर्मगुरूंनी तिथे विद्येचं रोप लावलं. काहीच नव्हतं म्हणे! माळाच्या मागे पाडा होता. पाड्यात माणसं होती, त्यांची भाताची खाचरं होती, आणि बाजारात, शाळेत, दवाखान्यात जायला त्यांना एक पायवाट होती. ती वाट कॅम्पसच्या बरोबर मधून जायची. आमची जुनी इमारत मधेच कोपरात दुमडल्यासारखी वाकलेली आहे, ती या वाटेपायी. भिंतीवर मात्र तिच्याबद्दल लिहिलंय की हा आकार उघड्या पुस्तकाचं प्रतीक आहे. ज्यानं हे लिहिलं त्याला मी कधीतरी भेटणार आहे.

खरा इतिहास मी सांगते, कारण त्यात मी बाकावर बसलेली आहे.

कॉलेज सुरू झालं ते उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये, पाद्र्यांच्या शाळेत, संध्याकाळचं. सकाळी ज्या वर्गात पहिलीतली पोरं पाढे म्हणायची तिथे दिवे लागल्यावर आम्ही कराराचा कायदा शिकायचो. बाक इतके बुटके की गुडघे छातीला टेकायचे. खाली बाजार, शेजारी शिलाईचे कारखाने, त्यामुळे मास्तर आणि मशीन यांची रोजची चढाओढ. वर्गात दुकानाचं शटर ओढून आलेले सिंधी, अंबरनाथच्या कारखान्यांतले कारकून, एक पोलीस हवालदार, आणि बायकांमध्ये मी धरून जेमतेम चार. माझे वडील अंबरनाथ पूर्वेला राहायचे आणि कारखान्यात पाळी करायचे. आमच्या बौद्ध वस्तीतली मुलगी वकील होणार म्हणजे काय, ते मी वेगळं सांगायला नको. प्रवेश मिळाला त्या दिवशी वडिलांनी सगळ्या चाळीला पेढे वाटले आणि मग मला बाजूला घेऊन विचारलं, "नापास तर नाही ना होणार?"

पहिलं वर्ष तिथे काढलं. दुसऱ्या वर्षी कॉलेज बदलापूरच्या माळावर गेलं.

आमचे प्रिन्सिपल फादर वसईकडचे. अंगात पांढरा झगा, पायात कॅनव्हासचे बूट, बोलणं वसईच्या धाटणीचं आणि कलमं मात्र इंग्रजीत घडाघडा. इमारत बांधायच्या वेळी आर्किटेक्टनं नकाशावर तिला सरळ काढलं होतं आणि पाड्याची वाट कुंपणाबाहेरून, नाल्याकडून वळवली होती. फादर वाटेवर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाबा, ही माणसं आपल्या आधीपासून इथून चालतात. वाट नको वाकवू. बिल्डिंग वाकव." हे मी ऐकीव सांगत नाही. पायाभरणीच्या दिवशी आम्ही सगळे विद्यार्थी तिथे उन्हात उभे होतो. आर्किटेक्टचं तोंड एवढंसं झालं होतं.

तर असा कॅम्पस झाला. डोंगराच्या पायथ्याशी काळ्या दगडाची वाकडी इमारत, तिच्या एका टोकाला चॅपल, दुसऱ्या टोकाला ग्रंथालय, आणि मधून पाड्यातली माणसं डोक्यावर भारे घेऊन, कडेवर पोरं घेऊन, कधी शेळ्या हाकत निघालेली. वाट पुढे डांबरी रस्त्याला मिळायची, आणि पाड्याकडून जिथे ती आवारात शिरायची तिथे एक लोखंडी फाटक होतं, पण ते सदा उघडं. मूट कोर्टमध्ये, म्हणजे सरावाच्या लुटुपुटीच्या खटल्यात, आम्ही तावातावानं भांडत असायचो तेव्हा खिडकीतून एखादी म्हातारी आत डोकावून बघायची आणि पुढे जायची. फाटकापाशी पाड्यातल्या एक काकू उकडलेल्या शेंगा आणि उन्हाळ्यात करवंदं घेऊन बसायच्या. मी त्यांची रोजची गिऱ्हाईक. त्यांचे यजमान अंबरनाथच्या कारखान्यात, माझ्या वडिलांच्याच खात्यात होते, म्हणून मला द्रोणात शेंगा जरा जास्त मिळायच्या.

वहिवाटीचा कायदा फादरनी वर्गात शिकवला नाही. आम्हाला बाहेर काढलं आणि त्या वाटेवर उभं केलं. म्हणाले, कुणी दुसऱ्याच्या जमिनीवरून वीस वर्षं चाललं, उघडपणे चाललं, आणि मुख्य म्हणजे कुणाला न विचारता, आपला हक्क आहे अशा समजुतीनं चाललं, की ती वाट त्याची होते. मालकाला ती बंद करता येत नाही. पण विचारून चाललं, तर जन्मभर चाललं तरी ती मेहरबानी. मालक कधीही हात काढून घेऊ शकतो.

इतकं सोपं करून मला तो कायदा पुन्हा कुणी सांगितला नाही.

मग त्यांनी डोळे मिचकावून मालकाची युक्ती सांगितली. परदेशातल्या कुठल्याशा जुन्या विद्यापीठात म्हणे त्यांच्या आवारातली गल्ली वर्षातून एक दिवस बंद ठेवतात. कुणाला त्रास नको म्हणून एकच दिवस. पण तेवढ्यानं जगाला कळतं की गल्ली आमची आहे, तुम्ही चालता ते आमच्या मर्जीनं. "आपणही करायचं," फादर म्हणाले. "लॉ कॉलेज आहोत. आपल्याला हे नको का यायला?" आम्ही टाळ्या वाजवल्या. आम्हाला केवढं हुशार वाटलं ते!

वकिलांचा एक संत आहे. त्याचा सण जूनमध्ये येतो. त्या दिवशी सकाळी प्रार्थना झाली, चॅपलची घंटा वाजली आणि फादरनी स्वतः फाटक ओढून त्याला लाल फीत बांधलेली साखळी लावली. पाड्यातली माणसं पलीकडे येऊन थांबली. फादरनी त्यांना फाटकाच्या गजांमधून केक दिला आणि सांगितलं, आज एक दिवस बंद, उद्या उघडू. त्यांनी केक खाल्ला आणि नाल्याच्या बाजूनं वळसा घालून गेली.

पुढच्या वर्षी मात्र वेगळंच झालं. बायका ठेवणीतली लुगडी नेसून आल्या. ताटात हळद, कुंकू, नारळ. त्यांना वाटलं होतं हा फाटकाचा सण आहे. साहेब लोक फाटकाला एक दिवस विश्रांती देतात, आपण बैलाला पोळ्याला देतो तशी. त्यांनी साखळीला हळद लावली, खांबापाशी नारळ फोडला आणि फादरच्या हातावर खोबरं ठेवलं. फादर आधी गोंधळले, मग हसले, मग ते खोबरं त्यांनी खाल्लं. तेव्हापासून तीच रीत पडली. आतून केक, बाहेरून नारळ. कॉलेजात त्याला गेट डे म्हणत, पाड्यात फाटकाचा दिवस.

आज हे लिहितानाही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. जी साखळी त्यांचा हक्क कापायला लावली होती, तिची त्या बायका पूजा करत होत्या, आणि आम्ही भावी वकील आत उभे राहून त्यांचे फोटो काढत होतो. एकाही शहाण्याला त्यांना सांगावंसं वाटलं नाही की बायांनो, ही कसली पूजा करताय? फादर वाईट माणूस नव्हते. वाट कायमची बंद करायचं त्यांच्या स्वप्नातही नसेल. याचीच मला जास्त चीड येते. भल्या माणसानं गंमत म्हणून एक हत्यार बनवलं, त्याला धार लावली, दरवर्षी पुसून लखलखीत ठेवलं, आणि एक दिवस ते मागे ठेवून स्वतः देवाघरी गेला.

मी वकील झाले, उल्हासनगरच्या कोर्टात बसू लागले. फादर गेले. कॉलेज त्यांच्या धर्मसंघाच्या विद्यापीठाचा भाग झालं आणि बघता बघता आमच्या वाकड्या इमारतीच्या पाठीमागे काचेचे मजले चढले. फाटकावर अंगठ्याचं मशीन आलं, पण वाटेपुरतं बाजूचं छोटं दार उघडं असायचं. गेट डे आता मंडप घालून व्हायला लागला. बॅनर, ड्रोन, बँकेचे स्टॉल. पाड्यातल्या बायकांना आधी निरोप जायचा की नऊवारी नेसून या, शूटिंग आहे.

सत्काराच्या नंतरच्या जूनमध्ये फाटकाचा दिवस झाला. नेहमीसारखा केक, नेहमीसारखा नारळ. दुसऱ्या दिवशी सकाळी पाड्यातली पोरं शाळेला निघाली तर साखळी तशीच. छोट्या दारालाही कुलूप. वॉचमन म्हणाला, वरून ऑर्डर आहे. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी बोर्ड लागला की सुरक्षेच्या कारणास्तव बाहेरच्यांना प्रवेश बंद. बाहेरचे!

आठवड्याभरानं त्या काकू कोर्टात माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. केस पांढरे झाले होते, पण मी लगेच ओळखलं.

"ताय, फाटक उघडलाच नाय," त्या म्हणाल्या. "आमच्याकडून पूजेत काय चुकला का?"

मी खुर्ची पुढे ओढली. त्यांना खाली बसवलं, चहा मागवला. मग त्यांनी सांगितलं ते असं. काकांची, म्हणजे त्यांच्या यजमानांची, किडनी गेली होती. आठवड्यातून तीनदा उल्हासनगरला डायलिसिसला न्यायचं. आजवर काका काठी टेकत, मधे चॅपलच्या पायरीवर बसत, डांबरी रस्त्यापर्यंत चालत यायचे आणि तिथून रिक्षा. आता फाटक बंद. दुसरा रस्ता नाल्याच्या बांधावरून, निसरडा, वळशाचा, आणि पावसाळ्यात पाड्याकडे कुठलाच रिक्षावाला येत नाही. म्हणून पाड्यातले चौघे त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून बांधावरून रस्त्यापर्यंत आणत होते. आदल्या दिवशी एकाचा पाय घसरला आणि काका चिखलात पडले. ज्या हाताला सुई टोचतात त्याच हातावर. त्या दिवशीचं डायलिसिस हुकलं.

"सुजलेत," काकू म्हणाल्या. "चपला चढत नाय पायात."

मी त्याच संध्याकाळी कॉलेजला फोन लावला, मग पत्र दिलं, मग नोटीस दिली. उत्तर आलं ते वाचून मी टेबलावर हात आपटला. लिहिलं होतं की संस्था दरवर्षी जाहीर समारंभ करून वाट बंद ठेवत आली आहे आणि ग्रामस्थ स्वतः त्या समारंभात आनंदानं भाग घेत आले आहेत. सबब त्यांचा वापर संस्थेच्या परवानगीनंच होता. सोबत फोटो. हळदीची साखळी, नारळ, गजांमधून केक घेणारे हात. त्यातल्या एका फोटोत काकू होत्या, चांगल्या हसत होत्या.

दावा तयार करायला बसले तेव्हा कायद्याचं पुस्तक पुन्हा उघडलं आणि एका जागी थांबले. आपल्याकडच्या कायद्यात एक दिवसाचा अडथळा हा अडथळाच नाही! वाट अडवली आणि अडवली गेल्याचं माहीत असूनही चालणाऱ्यानं ते वर्षभर मुकाट सोसलं, तरच वहिवाट तुटते. परदेशातली युक्ती आमच्या फादरनी जशीच्या तशी उचलून आणली होती, आणि इतकी वर्षं एका अख्ख्या लॉ कॉलेजनं, प्राध्यापक, रँकवाले, न्यायाधीश झालेले माजी विद्यार्थी, सगळ्यांनी ती डोळे झाकून साजरी केली होती. एकानंही कलम वाचलं नाही. मी मोठ्यानं हसले. मग राग आला, कारण त्या हसण्याचा काकांना काही उपयोग नव्हता. साखळीनं हक्क तुटत नव्हता हे खरं. पण केक खाल्ला म्हणजे परवानगी मान्य केली, हा त्यांचा दुसरा मुद्दा उभाच होता, आणि त्याचा निकाल व्हायला वर्षं लागणार होती.

पाड्याच्या वतीनं मी दावा लावला. फाटक तात्पुरतं उघडावं म्हणून अर्जही दिला. त्या अर्जावर पहिली तारीख, दुसरी तारीख, साहेब रजेवर, मग कॉलेजनं उत्तराला मुदत मागितली. दरम्यान पाऊस चालूच, खुर्ची चालूच.

तेव्हा कॉलेजकडून चर्चेचं बोलावणं आलं. त्यांचा वकील म्हणजे माझ्याच बॅचचा, कॅम्प दोनचा सिंधी. भावाला कापडाचं दुकान सोपवून तो या धंद्यात आला. डायरेक्टर तेही फादरच, पण तरुण, इस्त्रीच्या शर्टातले, गळ्यात ओळखपत्र. काचेच्या केबिनमध्ये बिस्किटं मांडली होती.

"देख, तू दोस्त है म्हणून सांगतो," बॅचमेट म्हणाला. "केस कब तक चलेगी, तुलाही माहितीय. काकाला रस्ता आज पाहिजे ना? पास देतो. फोटोवाला, लॅमिनेशन करून. गाडी अंदर तक येईल, वॉचमन सलाम ठोकेल. बस, खतम."

मी तो कागद वाचला. वर काकांचं नाव लिहायला जागा, खाली एक ओळ. ही सवलत संस्थेच्या मर्जीनं दिलेली असून ती केव्हाही रद्द करता येईल, हे मला मान्य आहे. त्याखाली सहीची जागा.

"आणि हे काय आहे?" मी विचारलं.

"अरे यार, वो तो फॉर्मॅलिटी है."

"फॉर्मॅलिटी असेल तर खोडून टाक."

तो बिस्किटाकडे बघायला लागला. डायरेक्टर मऊ आवाजात म्हणाले, "मॅडम, हा माणुसकीचा प्रश्न आहे. आम्हाला त्या पेशंटची काळजी वाटते. चॅपलमध्ये आम्ही त्यांच्यासाठी प्रार्थनाही ठेवली होती. फक्त एक सिस्टिम हवी, एवढंच."

"फादर," मी म्हटलं, "कुलूप तुम्हीच लावलंत आणि आता किल्ली दाखवून माणुसकी करताय? पाड्यातल्या आजारी माणसाकडून लिहून घ्यायचं आणि तो कागद उद्या कोर्टात सगळ्या पाड्याच्या विरुद्ध दाखवायचा, याला प्रार्थना म्हणतात का?"

माझा आवाज चढला होता. बाहेरची क्लार्क आत डोकावली. डायरेक्टरांनी हात जोडले आणि म्हणाले, "तुम्ही आमच्या संस्थेच्या लेक आहात. विचार करा." मला लेक म्हणाले! लेकीच्या तोंडाला पानं पुसायची रीत असावी त्यांच्याकडे.

तरीही मी तो कागद घेऊन पाड्यावर गेले. वकिलाला आपला राग अशिलाच्या अंगावर घालता येत नाही. ओटीवर काका खाटेवर टेकून बसले होते, चेहरा सुजलेला, हातावर पट्टी. माझ्या वडिलांच्या खात्यातला हा माणूस एके काळी कारखान्याच्या वार्षिक दिवसाला कबड्डी खेळायचा. पाड्यातले दहा-बाराजण जमले. मी त्यांना अगदी फादरनी आम्हाला सांगितलं होतं तसं सांगितलं. न विचारता चाललात तर वाट तुमची. विचारून चाललात तर त्यांची मेहरबानी. या पासावर सही केली तर काकांची सोय आजच होईल, पण कॉलेज कोर्टात म्हणेल, बघा, हे लोक परवानगी मागतात. मग बाकीच्यांचा दावा कमजोर होईल. बुडेलच असं नाही, पण कमजोर नक्की होईल.

"मंग आमी केक खाल्ला त्योबी इचारूनच का?" मागून कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं नाही.

काकूंनी विचारलं, "तुमी काय केला असता, ताय?"

खोटं बोलणं सोपं होतं. "मी घेतला असता पास," मी म्हटलं. "माणूस आधी."

पाड्यातले म्हातारेही तेच म्हणाले. घे, बाबा, सही कर, आमचं आम्ही बघू. पुढच्या डायलिसिसच्या दिवसापर्यंत सांगतो, काका म्हणाले. निघताना मी कागद खाटेवर ठेवला आणि पेनही ठेवलं.

दोन दिवसांनी काकू कोर्टात आल्या आणि तो कागद घडी करून माझ्यापुढे ठेवला. सहीची जागा कोरी. म्हणाल्या, उल्हासनगरच्या कॅम्पात हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत भाचीनं एक खोली बघून दिलीय. एका सिंधी बाईच्या घराचा मागचा भाग. आम्ही दोघं तिकडे राहायला जातो. तिथून काका स्वतःच्या पायानं डायलिसिसला जातील.

मी चिडलेच. "काकू, तुमचं घर आहे ते! शेत आहे! त्यांनी तुमची वाट अडवली आणि तुम्हीच घर सोडून चाललात? त्यांना हेच तर पाहिजे."

"त्यांना सही पायजे, ताय," काकू शांतपणे म्हणाल्या. "सही नाय दिली. शेत दीर करंल. वाट ऱ्हायली तर परत येता येल. वाटच गेली तर घर घेऊन काय करू?" मग म्हणाल्या, "त्यो ऐकत नाय माझा. मी म्हनलं व्हता, कर सही. मी लय सांगितला. रडली बी."

मला वाटत होतं निर्णय काकूंचा आहे. तसा तो नव्हता. ज्याला डायलिसिसची एक खेप हुकली तरी धाप लागते त्या माणसानं, बायकोचं न ऐकता, तो घेतला होता.

निघायच्या दिवशी मी काळा कोट घरी ठेवून पाड्यावर गेले. सामान फार नव्हतं. दोन ट्रंका, गादी, भांड्यांचं गाठोडं, देवाचं ताम्हण. ते नाल्याच्या बांधावरून डोक्यावर वाहून रस्त्यावर न्यायचं होतं, तिथे टेम्पो उभा होता. काकांना खुर्चीत बसवलं. बांधाकडे वळायच्या आधी फाटकाशेजारच्या तारेपाशी थोडी सपाट जागा लागते. चौघांनी दम घ्यायला खुर्ची तिथे टेकवली. रात्रभर पाऊस पडलेला, बांध चिकट झालेला. तिथून आत वाट दिसत होती, इमारतीच्या वाकड्या कोपऱ्यापर्यंत स्वच्छ फरशी घातलेली. तिच्यावरून पाठीला बॅगा लावलेली मुलं लेक्चरला चालली होती.

वॉचमननं आम्हाला पाहिलं आणि धावतच तारेपाशी आला. तो विदर्भाकडचा, रोज काकांना बघणारा. त्याचा चेहरा खरंच कासावीस झाला होता. "अहो, या बांधावरून कुठं नेता त्यांना? परत पडतील," तो म्हणाला. "थांबा, मॅडम. फादर आहेत आत. फोन लावतो, परमिशन घेतो, पाच मिनिटांत उघडून देतो. ते नाही म्हणणार नाहीत."

त्यानं खिशातून फोन काढला. काकूंनी काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान हलवणार होते. देवाशपथ, मी हो म्हणणार होते. एकदाच्या परवानगीनं काय बिघडतं, मी कोर्टात सांभाळून घेतलं असतं.

काकांनी पट्टीचा हात वर केला.

"नको लावू फोन," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक होता, धाप लागलेली. "तू चांगला हायस. पन इचारू नको."

वॉचमन फोन हातात धरून तसाच उभा राहिला. काकांनी पोरांना बांधाकडे बोट दाखवलं. चौघांनी खुर्ची उचलली आणि ती चिखलात वळवली. काकू ताम्हण छातीशी धरून तिच्या मागे चालायला लागल्या आणि मी त्यांच्या मागे. त्या माणसाला कायदा मीच समजावून सांगितला होता. खुर्ची एका अंगाला कलली आणि काकांनी दुखऱ्या हातानं तिची कड पकडली तेव्हा मला वाटलं, नसता समजावला तर बरं झालं असतं.